गार पाणी

जुन्या नळाचा नट निघत नव्हता. जावई सिंकखालच्या कपाटात उताणा पडून कंबरेपर्यंत आत शिरला होता. बाहेर दिसत होते फक्त त्याचे पाय, आणि मधूनमधून पुढे येणारा, तळवा उघडा ठेवलेला हात. शेजारी लेक वाकून टॉर्च धरून उभी होती. हात बाहेर आला की तो काही म्हणायच्या आत ती त्यावर नेमकी हवी ती वस्तू ठेवायची. पाना. पक्कड. टेपचं रीळ.

आई जेवणाच्या टेबलाशी बसून कौतुकाने बघत होती. दुपारच्या गाडीने तिला परत जायचं होतं. गेल्यावर शेजारणींना सांगायला हे बरं होतं, की नळ गळायला लागला तर जावयाने प्लंबरला हाकसुद्धा मारली नाही, सुट्टीच्या दिवशी स्वतःच बदलला.

“तुमच्या सासऱ्यांनी जन्मात एकच खिळा ठोकला, जावईबापू,” ती म्हणाली. “तोही भिंतीत कमी आणि अंगठ्यात जास्त.”

आतून हसू ऐकू आलं. लेक मात्र हसली नाही. तिने विनोद ऐकलाच नसावा. ती टक लावून नवऱ्याच्या पायांच्या बोटांकडे बघत होती. बोटं आखडली की श्वास धरायची, सैल झाली की सोडायची.

पाना सटकला. आत काहीतरी जोरात आपटलं आणि एकदम शांत झालं. बोटं आखडली ती आखडलेलीच राहिली.

“उजेड हलला.” आवाज चढलेला नव्हता. उलट नेहमीपेक्षा एक पट्टी खालीच.

“नाही हो, मी अगदी...”

“मी विचारलं का?”

“नाही.”

“मग?”

“हलला,” लेक म्हणाली. “चुकलं माझं.”

टॉर्च तसूभरही हलला नव्हता. आईने पाहिलं होतं. ती उठली. “दे गं इकडे, मी धरते. पाठ भरून आली असेल तुझी.”

“बसा आई तुम्ही,” कपाटातून गोड उत्तर आलं. “शिकू दे तिला. शिकतेय हळूहळू.”

आई बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

शेवटी नट सुटला. जुना नळ निघाला, नवा बसला, खालचे दोन्ही पाइप जोडून झाले. जावई बाहेर आला, खरचटलेल्या बोटांचं रक्त फडक्याला पुसलं आणि नव्या नळाला टिचकी मारली. चकचकीत, एकाच दांड्याचा नळ. डावीकडे वळवला की गीझरचं गरम, उजवीकडे वळवला की गार. कॉक उघडून त्याने दांडा पार उजवीकडे वळवला. नळ आधी खोकला, चार गढूळ थेंब उडाले, मग स्वच्छ धार लागली.

“हात धर,” तो बायकोला म्हणाला. “बघ, गार येतंय ना.”

तिने हात धरला. थोड्या वेळाने धारेतून वाफ निघायला लागली. पाइप उलटे जोडले गेले होते. लेकीचा हात लाल होत चालला, आधी बोटं, मग पंजा, मग मनगट.

“गार आहे ना?”

“हो,” ती म्हणाली. “गार आहे.”

आईला वाटलं, याला दिसलं नसेल. पण वाफ त्याच्या नाकासमोरून वर जात होती. तो नळाकडे बघतच नव्हता. बायकोचा चेहरा निरखत होता, निवांत, जणू त्याला कसलीच घाई नव्हती.

आई पुढे झाली. लेकीचा हात धरून तिने बाजूला केला आणि त्या जागी आपला धरला. पाणी कढत होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण आवाज तिने हलू दिला नाही.

“अगदी गार आहे, जावईबापू.” मग लेकीकडे न बघता ती म्हणाली, “जा गं, बॅग भर तुझी. चार दिवस माझ्याकडे चल.”

लेक जागची हलली नाही.

“जा म्हणते ना.”

अनवाणी पावलं आतल्या खोलीकडे गेली. जावयाच्या ओठांवरचं हसू तसंच होतं. दांड्यावरचा हात त्याने काढला नाही. आईनेही धारेखालचा काढला नाही. त्याच्या डोळ्यांत बघत, कान मागे लावून ती उभी राहिली.

आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.