हेवसरोक

निवडणुकीला दोनच उमेदवार होते आणि दोघांमध्ये भांडण होतं ते एका दोरीवरून.

दोरी होती ओमानमधल्या सहम गावच्या एका चारमजली इमारतीच्या गच्चीवर. दापोलीची साबेरा तिच्यावर खारवलेले बांगडे सुकत घालायची, आणि इमारतीचा अध्यक्ष चंद्रहास याला तो वास सोसत नसे. तसा तो अस्सल मालवणी. शुक्रवारी दुपारी पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा नसला तर त्याची सुट्टी फुकट जायची. पण तो बांगडा गावचा, त्याच्या वहिनीने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवलेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण माशांनाही लागू पडते.

पुन्हा अध्यक्ष झालो की पहिल्यांदा ती दोरी उतरवायची, असं चंद्रहासने जाहीर केलं होतं. म्हणून तर साबेरा त्याच्याविरुद्ध उभी राहिली होती. तिचा नवरा रशीद याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, दोरी गेली की आम्हीही जाणार. शेजारच्या सोहार शहरात त्याने जागा बघूनही ठेवली होती. इमारतीत सरळ दोन तट पडले. जिन्यात समोरासमोर आले तरी लोक मोबाइलमध्ये डोकं घालून जात. फक्त चंद्रहासची बायको रखमाबाई या विषयावर अवाक्षर काढत नव्हती. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ चंद्रहासने होकार असा लावला. नवरे बहुधा तोच लावतात.

शुक्रवारी उन्हं उतरल्यावर सगळे गच्चीवर जमले. आता हात वर होणार, एवढ्यात तळमजल्यावरची झोझान उठली. ही कुर्द बाई, सीरियाच्या ईशान्येकडची, इथल्या एका दवाखान्यात नर्स होती. पेशंटांकडून उचललेल्या हिंदीत, अडेल तिथे अरबी घालत, तिने आपलं म्हणणं मांडलं. आमच्या मोहल्ल्याच्या समितीला कधी एक प्रमुख नसतो, ती म्हणाली. दोन असतात, एक बाई आणि एक पुरुष, मान सारखाच. जे काही करायचं ते दोघांच्या संमतीने. एकाने नाही म्हटलं की ती गोष्ट बंद. आमच्या गल्लीत कुर्द होते, अरब होते, ख्रिस्ती होते आणि बाहेर लढाई चालू होती. तरी गल्ली टिकली, कारण जे भांडत त्यांनाच आम्ही एका टेबलाशी चहा देऊन बसवायचो. इथे आज एक जिंकला तर दुसरा सामान बांधेल, मग जिंकून काय मिळवलं? अशा जोडप्रमुखांना आमच्याकडे हेवसरोक म्हणतात. हेव म्हणजे एकमेकांसोबत.

चंद्रहासने मनात झटपट हिशोब मांडला. पुरुष म्हणजे आपण. आणि बाई? अध्यक्षाची बायको असताना दुसरी कोण असणार! दोन्ही किल्ल्या एकाच घरात. त्याने सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने पाठिंबा दिला. "यल्ला, मंजूर. खलास."

पुरुषांच्या जागी त्याचं नाव बिनविरोध झालं. बायकांच्या जागेचं विचारल्यावर त्याने रखमाबाईकडे कौतुकाने पाहिलं. ती पदर सावरत उठली.

"माझं मत साबेराला," ती म्हणाली. "ह्यांनी आणि तिनं मिळून ते, काय ते... हेवा सरो, ते व्हावं."

गच्चीवर हशा पिकला. कित्येक दिवसांनी दोन्ही तट एकाच गोष्टीला हसले. झोझानला काही कळेना, तेव्हा रशीदने तिला अरबीत समजावलं की मराठीत हेवा म्हणजे मत्सर आणि सरो म्हणजे संपू दे. झोझान म्हणाली, मग तुम्ही तसंच म्हणत जा. साबेरासाठी हात वर झाले. चंद्रहासचाही झाला, सगळ्यात शेवटी, कारण एकटाच खाली राहिला असता तर फार दिसला असता.

पण गडी हार मानणारा नव्हता. नाही म्हणायचा अधिकार त्याच्याकडे होताच. पहिलाच विषय दोरीचा निघाला आणि त्याने छाती काढून सांगितलं, माझा नकार आहे. हसू मावळलं. रशीदने मान खाली घातली. सोहारची जागा आता घ्यावीच लागणार होती.

साबेराने वाद घातला नाही. दादांनी नाही म्हटलं म्हणजे नाही, नियम तो नियम, असं म्हणत तिने दोरीचं एक टोक सोडलंसुद्धा. मग ते हातात धरून ती रखमाबाईकडे वळली.

"वहिनी, मग तुमच्या वाट्याचे बांगडे आता कुठं सुकत घालायचे?"

चंद्रहासने बायकोकडे पाहिलं. रखमाबाईने नजर चुकवली नाही.

"अहो, गावाहून बांगडा यायचा केव्हाच बंद झालाय," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत नाही, मी कधी सांगितलं नाही."

आजच दुपारी पेजेचा शेवटचा घोट घेऊन तो बोटं चाटत म्हणाला होता की मालवणच्या वाऱ्याची चव या वाळवंटात कुठली यायला. ते आठवून त्याला आधी राग आला, मग ओशाळल्यासारखं झालं. आणि मग, कुणास ठाऊक कसं, त्याला एकदम फार बरं वाटलं. सगळी गच्ची त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो उठला. साबेराच्या हातातलं दोरीचं टोक त्याने आपल्या हातात घेतलं.

"जरा वर बांधू," तो म्हणाला. "इथं मांजरं पोचतात."