हेर लांगेनबाख यांची भेट

"हे साहेबांना कळवलं तर मला वेड्यात काढतील," व्हिलेम स्क्रीनवरून म्हणाला. "बंदर ओस पडलंय, आणि तू म्हणतेस रिकामे कंटेनर विकत घ्या?"

"म्हणूनच घ्या," मंजूषा म्हणाली. "आज कवडीमोलाने मिळताहेत. लोक घरात कोंडलेत, पण त्यांची खरेदी थांबलीय थोडीच? टेबलं, खुर्च्या, सायकली, सगळं घरबसल्या मागवतील. ते यायला कंटेनर नकोत?"

"बघू," म्हणून व्हिलेमने कॅमेरा बंद केला. 'बघू'चा अर्थ पुण्यात जो होतो, तोच रॉटरडॅममध्येही होतो.

२०२० चा एप्रिल होता. व्हिलेम हा हेर, म्हणजे श्रीयुत, लांगेनबाख यांच्या जर्मन कंपनीचा इथला संचालक, आणि रॉटरडॅमचं ऑफिस बंद करायचं त्याने जवळजवळ ठरवलंच होतं. ऑफिस बंद म्हणजे मंजूषाची नोकरी जाणार, नोकरीमागोमाग इथे राहायचं परमिट, आणि तिच्या परमिटवर राहणारा नवराही. बाडबिस्तरा गुंडाळून पुणं गाठावं, तर विमानंही बंद! पण मंजूषा घाबरली नव्हती. चिडली होती.

तिचा नवरा सौमित्र लॉकडाऊनमध्ये जर्मनीतल्या श्रीमंतांच्या मागे लागला होता. सकाळ-संध्याकाळ तेच वाचन.

"कोणी स्क्रू विकून गबर झाला, कोणी स्वस्त वाणसामानाची दुकानं काढून," तो पोहे खाता खाता सांगायचा. "आणि तुमचे हेर लांगेनबाख? धक्क्यावर टाकून दिलेली मोडकी खोकी उचलली, ठोकठाक केली आणि भाड्याने दिली! खोक्यांचे पुढे कंटेनर झाले. लोक घाबरून विकतात तेव्हा घ्यायचं, एवढाच मंत्र. डोकं आहे बुवा!"

मासिकातल्या अतिश्रीमंतांच्या यादीत हेर लांगेनबाखांच्या नावापुढे फोटोऐवजी नुसती काळी आकृती असायची. अपहरणाच्या भीतीने ते फोटो काढू देत नाहीत, असं म्हणत. ठिगळाचा कोट घालून स्वतःच्याच ट्रकमधून हिंडतात, असंही म्हणत. व्हिलेमने तर एकदा त्यांच्याशी हस्तांदोलनही केलं होतं. "काय पकड आहे हाताला!" हे तो दर पार्टीत सांगायचा.

बाकी सगळ्यांचा संबंध यायचा तो त्यांच्या सेक्रेटरीशी, फ्राउ, म्हणजे श्रीमती, टिलमान यांच्याशी. म्हातारीचा आवाज कोरडा, बोलणं मोजकं. "साहेब म्हणतात" अशी सुरुवात झाली की पुढे वाद नाही. आता तर जगभरातलेच साहेब दिसेनासे झाले होते, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मंजूषाने व्हिलेमला डावलून सरळ फ्राउ टिलमाननाच फोन लावला.

"मला साहेबांशी बोलायचंय."

"ते फोनवर बोलत नाहीत. मला सांगा."

मंजूषाने सगळं सांगितलं. आकडे तोंडपाठच होते.

"आणि भाव आणखी पडला तर?" फ्राउ टिलमाननी विचारलं.

"तर आणखी घ्यायचे."

पलीकडे पेन्सिलीने आकडे लिहिल्याचा आवाज आला. मग, "विचारते साहेबांना."

मंजूषाने चहा टाकला आणि तो गाळेपर्यंत फोन परत आला. "साहेब म्हणतात, घ्या. मिळतील तेवढे घ्या. ऑफिस बंद होणार नाही. व्हिलेमला मी कळवते."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये व्हिलेमचा चेहरा उजळून निघाला होता. "याला म्हणतात दूरदृष्टी! साहेबांना काय सुचेल, सांगता येत नाही!"

"अरे, काल मी हेच सांगत होते!"

"हो गं. पण साहेबांनी सांगणं वेगळं."

मंजूषाने कंटेनरच्या ऑर्डरी काढायला घेतल्या. नोकरी वाचली होती, परमिट वाचलं होतं.

वर्षभराने कंटेनरसाठी कंपन्या हातघाईवर आल्या. लांगेनबाख कंपनीने पैसा नुसता ओढला. साहेब यादीत वर चढले, व्हिलेमला घसघशीत बोनस मिळाला, आणि मंजूषाला चॉकलेटचा डबा.

"आता बास!" डबा सौमित्रच्या हातात कोंबत ती म्हणाली. "व्हिलेमची खुर्ची मागणार मी. साहेबांच्या तोंडावर मागणार."

"आणि काढून टाकलं तर?"

"टाकू देत. माझी किंमत मला कळलीय."

तिने वेळ मागितली, आणि आश्चर्य म्हणजे ती मिळाली. साहेबांचं घर नायमेखनबाहेर टेकडीवर होतं, पलीकडे जर्मनी. दार उघडलं ते फ्राउ टिलमाननीच. वय शहाऐंशीच्या आसपास, पण पाठ ताठ. घरात दुसरी चाहूल नव्हती. त्यांनी मंजूषाला खिडकीजवळ बसवलं आणि कॉफी आणली.

मंजूषाने आढेवेढे घेतले नाहीत. "कंटेनरची कल्पना माझी होती. ऑफिस मी चालवते. संचालकाची खुर्ची मला हवी."

"तुमचीच आहे," फ्राउ टिलमान म्हणाल्या. "व्हिलेमला आज कळेल."

मंजूषाने कप खाली ठेवला. "साहेबांना भेटू द्या ना. आभार तरी मानते."

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. मंजूषाला भलतीच शंका आली. त्या वर्षात किती जणांची अशी बातमी आली होती!

"साहेब… गेले का हो?" तिने हळूच विचारलं.

"मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते," फ्राउ टिलमान म्हणाल्या. "खोक्यांसाठी कर्ज मागायला बँकेत गेले. मॅनेजर म्हणाला, 'बाईमाणसाशी काय व्यवहार करायचा? मालकांना पाठवा.' मी सुचलं ते नाव ठोकून दिलं, म्हटलं, ते बाहेरगावी गेलेत, आले की पाठवते."

त्यांनी मंजूषाचा कप पुन्हा भरला.

"अजून यायचेत ते."