सांध्यातली तारीख

"चूक माझीच आहे," टेम्पोवाल्याने सायकल कारागिराच्या दारात उतरवल्या उतरवल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. सायकलची बांबूची चौकट हँडलखालच्या सांध्यापाशी उभी चिरली होती. तिथे त्यांनी जुनी ओढणी बांधली होती, दुखऱ्या पायाला बांधावी तशी.

"घराबाहेर पडता न येणाऱ्या म्हाताऱ्या वाचकांना मी पुस्तकं पोचवते, तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी हावरटपणा केला. दोन फेऱ्यांची पुस्तकं एकदम लादली. तुमची एवढी मेहनतीची वस्तू मोडली. मला माफ करा."

कारागिराने ओढणी सोडून चीर पाहिली. सुकलेला बांबू असा चिरत नाही. ओला बांबू सांध्यात बसवला की तो आतल्या आत आक्रसत जातो आणि एक दिवस दगा देतो. हा बांबू तर त्याच्या चांगला ओळखीचा होता. प्रदर्शनात दहा सायकली मांडायच्या होत्या आणि सुकलेले बांबू नऊ सायकलींनाच पुरले होते. बायको नको नको म्हणत असताना, "एकीने काय होतंय," असं म्हणत त्याने दहावीला कच्चा बांबू लावला होता.

आणि त्याच प्रदर्शनात तो तोंड वर करून सांगत होता, लोखंड नको, भट्टी नको, धूर नको. बांबू म्हणजे गवतच, कापला की पुन्हा उगवतो. फक्त त्याला घाई चालत नाही. सहा महिने सावलीत सुकवल्याशिवाय मी हात लावत नाही. ते ऐकूनच बाईंनी सायकल घेतली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशातली गत. इथे पाषाण तेवढा कोरडा होता, बांबू ओलाच होता.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलंही. पण समोरचा माणूस आपणहून गुन्हा कबूल करून उभा असला, तर आयती सुटका कोणाला नको असते?

"ओझ्यानेच गेला," तो म्हणाला. "पण जाऊ द्या, बाई. माफ केलं." वर हसलाही.

मागे नव्या सायकलच्या सांध्याला ताग गुंडाळत बसलेल्या बायकोचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. त्याचे कान तापले.

"मोठ्या मनाचे आहात," बाई म्हणाल्या, तेव्हा तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या आता जातील तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बांबूची एक ढलपी काढली.

"मी पडले तिथे ही सापडली. सांध्याच्या आतली असावी. हिच्यावर पेन्सिलीने तारीख लिहिलीय. कसली हो ही?"

अक्षर त्याचंच होतं. प्रत्येक बांबूच्या टोकाला तो तारीख लिहायचा. टोक एकदा सांध्यात गेलं की ती कोणालाच दिसत नसे.

"तोडल्याची," थाप सुचायच्या आत तो बोलून गेला.

"पाच फेब्रुवारी. आणि सायकल मी त्याच वर्षी एकोणतीस मार्चला नेली. दिवसभर मी तारखांचेच शिक्के मारते, तरी हे काही जुळेना. तुम्ही तर सहा महिने म्हणाला होतात. माझंच मोजायला चुकतंय का?"

आवाजात टोमणा नव्हता. ही चूकही स्वतःच्या पदरात घ्यायला त्या खरोखरच तयार होत्या. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

"नाही," तो म्हणाला. नजर वर होईना. "तुमचं मोजणं बरोबर आहे. बांबू कच्चा होता. मला माहीत होतं."

बाईंनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. मग वाचून झालेलं पुस्तक परत करावं तशी ती ढलपी त्यांनी त्याच्या हातात ठेवली.

"मग मघाशी मला दिलेली माफी तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागेल."