उंच पेल्यातला मठ्ठा

"कशात जास्त?" जाऊबाईंनी पसरट वाटीतलं दूध उंच पेल्यात ओतून माझ्या चार वर्षांच्या मुक्ताला विचारलं. त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात.

"पेल्यात," मुक्ता म्हणाली.

"दूध तेवढंच असतं, पण या वयात मेंदूला उंच तेच जास्त वाटतं," असं जाऊबाई मला समजावत होत्या, तेवढ्यात पेल्यातलं दूध खरंच जास्त झालं आणि उतू जाऊन ओट्यावर सांडलं. मुक्ता 'पेल्यात जास्त' म्हणाली की पेल्यातलं वाढायचंच. तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यांची धास्ती कोणी घेतली नाही.

परवा माझ्या बहिणीच्या लग्नात वरपक्षाची पंगत बसली आणि मठ्ठा संपत आला. आचारी घाबरला; मी नाही. त्याला त्या दुधाची गोष्ट सांगत, तळाचा वाटीभर मठ्ठा उंच पेल्यात ओतून मी सात वर्षांच्या झालेल्या मुक्ताला पुढे केलं. "सांग बाळा, कशात जास्त?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच लहान आहे. "आई, ओतल्याने मठ्ठा वाढतो होय? तेवढाच आहे की!"

मठ्ठा तसूभरही वाढला नाही. "पोरीला समज आली गं!" जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या. बाहेर व्याही रिकामा पेला वाजवत होते.

आचारी माझ्या कानाशी आला. "ताई, पंगतीत एखादं चार वर्षांचं पोर बघू का?"