सिराज पेंटरचे अक्षर

संगणक अकरा सेकंदांत सुरू झाला. सुधीरने घड्याळ लावून मोजले होते.

“पाहिलंत, चाचा? सकाळी चहा संपला तरी हा उघडत नव्हता.”

सिराजने कौतुकाने मान डोलावली. पौडच्या बाजारातल्या त्याच्या चिंचोळ्या छपाईच्या दुकानात सुधीर पत्रके छापायला आला होता. तो लवळ्याच्या कॉलेजातला विद्यार्थी. पण रखडणारे यंत्र दिसले की त्याच्याने राहवत नसे. वसतिगृहातल्या सगळ्या संगणकांवर, पिठाच्या गिरणीतल्या एकावर, मेसवाल्या मावशींच्याही संगणकावर त्याने जुनी प्रणाली काढून आपली आवडती, फुकट मिळणारी मुक्त प्रणाली बसवली होती. एरवी माणसांपुढे अडखळणारा तो, ‘ती कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे,’ असे तिच्याविषयी मात्र न थांबता बोले.

“जुनं पुसू ना?” ती बसवण्याआधी त्याने विचारले होते.

“फास्ट हुईल ना? मग पूस की,” सिराज म्हणाला होता.

“फाईल एकही गेली नाही,” सुधीर आता म्हणाला. “सगळ्या पत्रिका आधीच काढून ठेवल्या होत्या.”

“मग माझी उघडा की, दादा.” सिराजची मुलगी हुमा पुढे सरकली. तिचा निकाह पुढच्या महिन्यात होता. पत्रिका आजच छापायची होती.

पत्रिका उघडली. वेलबुट्टी जागेवर होती, चंद्रकोर जागेवर होती. मजकुराच्या ठिकाणी मात्र इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा चुरा सांडला होता.

“अब्बा, माझं नाव कुटं गेलं?”

सुधीरने कळा दाबल्या. मग अधिक सावकाश दाबल्या. “फॉन्ट कुठला होता, चाचा? नेटवरून उतरवून घेतो.”

“नेटवर कुटला? माझंच अक्षर हाय ते.”

सिराजने वीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. हाताला कंप सुटला, तेव्हा पुण्यातल्या एका जाणकाराने त्याच्या कुंचल्याचे वळण, काना-मात्रांसकट, या संगणकात घालून दिले होते. ते पत्रिकांबरोबर नव्हते. आता पुसलेल्या जुन्या प्रणालीच्या पोटात होते.

“पुण्याच्या त्या जाणकारांकडे एखादी प्रत असेल?” सुधीरने विचारले.

“त्यो कोरोनात गेला.”

“तुम्ही रंगवलेल्या पाट्या?”

“समद्यांवर फ्लेक्स चढले.”

“मग जुन्या पत्रिका गोळा करू. त्यांवरून...”

“लग्नाची पत्रिका लग्नानंतर कोन ठिवतं रे, इंजिनिअर?” सिराज हसला. सुधीरला ते हसणे सोसवले नाही.

“यात मराठीचे चाळीस फॉन्ट आहेत,” तो खाली बघत म्हणाला. “फुकट.”

हुमाने आपले नाव नव्याने टाइप केले आणि एकेक फॉन्ट लावून पाहू लागली. चाळीस वेळा तेच नाव उमटले. सरळ, स्वच्छ, कुठेही न थरथरलेले.

सिराज वाकून बघत राहिला. “लई सुबक हायेत. कुनाची हायेत ही अक्षरं?”

“सगळ्यांची...” सवयीने निघालेले ते वाक्य सुधीरला पुरते उच्चारवले नाही.

सिराजने उजवा हात टेबलाखाली नेला आणि डाव्या हाताने त्याचे मनगट घट्ट धरले.

“घे मग त्यातलंच एक,” तो लेकीला म्हणाला.