पहाटेचे दात

"काढा ते दात, दाजी," धाकटा म्हणाला.

"नाही काढणार."

"उजेड चाललाय, दाजी."

"जाऊ दे. दात माझ्या तोंडात राहतात, तुझ्या कॅमेऱ्यात नाही. तुला सांगून सांगून दाताच्या कण्या झाल्या, म्हणून तर कवळी बसवली."

दारात उभा असलेला रंगारी फिसकन हसला. ताईला हसू आलं नाही. ही तिच्या घरातली मागची खोली. लेक तान्ह्या बाळाला घेऊन कायमची परत येत होती आणि तिला द्यायला घरात दुसरी खोली नव्हती. आज भिंतीला पहिला हात बसला नाही तर मी उद्या दुसरं काम धरणार, असं रंगाऱ्याने दोनदा बजावलं होतं. आणि ताईचा धाकटा भाऊ सकाळपासून आपल्या सिनेमाचा शेवटचा शॉट घेतच होता.

सिनेमा एका रात्रीचा. एक माणूस संध्याकाळी या निळ्या भिंतींच्या खोलीत शिरतो, रात्रभर येरझारा घालतो, पहाटे दार उघडून हसतो. बस्स. या रात्रीला सुरुवात झाली तेव्हा लेक रांगत होती. मग पैसे संपले, कॅमेरा विकला गेला, धाकटा कुठे कुठे भटकून परत आला, पण रात्र काही सरेना. दाजी खोलीत शिरले ते काळ्याभोर केसांनी. मध्यरात्रीपर्यंत टक्कल पडलं. उत्तररात्री पोट सुटलं, मग एकेक करून दात गेले. अर्धामुर्धा सिनेमा कुठल्या कुठल्या तळघरांत आणि गोदामांत दाखवला गेला आणि पोरं खुळावली. दाजींचं तोंड छापलेले शर्ट घालून फिरायला लागली. एका रात्रीत म्हातारा होणारा माणूस! काय ती प्रतिभा! डोंबलाची प्रतिभा. धाकट्याच्या खिशात दमडी नव्हती आणि बुडाला थारा नव्हता, म्हणून दाजी म्हातारे झाले. टाळ्या पिटणाऱ्यांतल्या एकानेही आपल्या घरातली खोली कुणासाठी इतकी वर्षं कुलूप लावून ठेवली नव्हती.

"कवळीने असं काय बिघडतं रे?" ताईने विचारलं.

धाकटा गर्रकन वळला. तो सकाळपासून टेकला नव्हता. स्टँड उचल, ठेव. पडदा ओढ, सोड. "ताई, एका रात्रीत माणूस म्हातारा होऊ शकतो. पण पहाटे त्याला दात येत नाहीत!"

"अख्ख्या जगाला माझं बोळकं दाखवलंस," दाजी म्हणाले. "चार दिवसांनी नातू घरात येतोय. त्यालाही तेच दाखवू?"

"त्याला तरी कुठे आहेत अजून?" रंगारी म्हणाला.

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घालून कवळी काढली आणि ताईच्या हातावर ठेवली. ओली, कोमट.

"हं, चल," ते म्हणाले.

दाजींनी खोली ओलांडली. मागचं दार उघडलं. बाहेर दिवस मावळत होता. कॅमेऱ्यात ती पहाट होणार होती. उजेड तोंडावर आला तसे ते वळले आणि हसले. रिकाम्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, कुणाचीही भीड न ठेवता. लग्नाला एवढी वर्षं झाली, ताईने हे हसू पाहिलं नव्हतं. रंगारीसुद्धा डबा खाली ठेवून बघत होता.

हाच. हाच तो शॉट.

दाजींचं हसू ओसरलं. ते उंबऱ्यात उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर. धाकट्याचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. कॅमेरा चालूच.

"कट म्हण," ताई पुटपुटली.



हाच शब्द आयुष्यभर धाकट्याने उठता-बसता फेकला होता. जेवताना कुणाचं बोलणं आवडलं नाही तरी "कट". बायकोने बॅग भरली तेव्हा तिच्याही तोंडावर "कट". आता त्याची दातखीळ बसली होती.

"अरे, झाला तुझा सिनेमा! म्हण ना रे!"

त्याने ताईकडे पाहिलं. लहानपणी दिवा मालवताना पाहायचा तसं. तिला कळलं. त्याला घर नव्हतं, बायको राहिली नव्हती. होती ती एक अर्धवट रात्र, आणि तीही आता त्यानेच संपवायची होती.

कळलं म्हणून तिचा राग कमी झाला नाही. उलट भडकला. इतकी वर्षं तिने माइक धरला होता, दाजींचा तोच एक शर्ट धुतला, रफू केला होता. कॅमेऱ्यापुढे मात्र कधी आली नव्हती. आता ती तरातरा उजेडात शिरली आणि तिने नवऱ्याचं मनगट धरलं.

"चला हो बाहेर. पुरे झालं हे थेर. आणि तू आत ये रे, मार रंग!"

रंगाऱ्याने डबा उचलला.

"थांबा," मागून आवाज आला. धाकट्याने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नव्हता. "ताई, छान होतं. परत एकदा कर. या वेळी जरा रागावून ये."

ताई वळली.

"रागावूनच आले होते," ती म्हणाली, आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.