सुसाट

झाशीत ऋचाला सिव्हिल लाइन्समधल्या शाळेत नोकरी मिळाली, पण नवरा तिला स्कूटर कॉलनीच्या फाटकाबाहेर नेऊ देईना. "बाहेरची रहदारी बघितलीस? आधी आतच हात बसू दे." शेवटी तिनं साताऱ्याला बाबांना फोन केला. "रविवारी बोलतो जावईबापूंशी," ते म्हणाले.

रविवारी सकाळी नवऱ्यानं तिला कंपाउंडच्या भिंतीलगत अगदी हळू फेऱ्या मारायला लावल्या आणि तिच्या वेगानं कॅमेरा फिरवत फोटो काढले. वॉचमननं विचारलं, "भाभीजी, कुछ गिर गया क्या?" एका फोटोत ऋचा अगदी स्पष्ट आली, भिंत मात्र वेगाच्या रेघांत विरघळून गेली. नवऱ्यानं तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला.



दुपारी बाबांचा फोन आला, "अगं, रस्त्यावर वाऱ्यासारखी पळवतेस की. मी उगाच जावईबापूंना बोलणार होतो."